मुलगा १३ वर्षांचा, इनलाइन हॉकी खेळताना अचानक सारखा पडायला लागलाय, उंचीमुळे तोल जातो का?

नेरूळची_आई

नमस्कार, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. माझा मुलगा १३ चा आहे, सात वर्षांचा असल्यापासून स्केटिंग करतो, आधी क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकं) मग इनलाइन (सगळी चाकं एका रांगेत), आणि गेली तीन वर्षं इनलाइन हॉकी. जानेवारीत त्याच्या ग्रुपला लेहला आइस हॉकीच्या कॅम्पला न्यायचं ठरलंय, कॅलेंडरवर रोज एक फुली मारतोय तो.

तर झालंय असं की वर्षभरात त्याची उंची ९ सेंटीमीटर वाढली (दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत म्हणून नक्की माहितीय), स्केट्स दोनदा बदलले, आणि गेला महिनाभर तो धडपडतोय. पडणं नवीन नाही हो, पण जे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) तो डोळे मिटून करायचा त्यात आता डाव्या वळणाला पायात पाय अडकतो, पक (हॉकीची चपटी चकती) घेऊन वर बघितलं की भेलकांडतो, घरीसुद्धा मोजे घालताना भिंत धरतो. कोच म्हणतात लक्ष नाहीये त्याचं. सासूबाई म्हणतात मोबाइल काढून घे. सोसायटीतल्या एकांनी सांगितलं बोसू बॉल (सपाट तळाचा अर्धा रबरी बॉल) आणा आणि रोज अर्धा तास उभा करा त्याच्यावर. तो स्वतः काहीच बोलत नाही, परवा रिंकवरून येताना फक्त म्हणाला, आई माझे पाय माझे वाटत नाहीत.

उंची वाढली की बॅलन्स जातो हे खरं का? घरी काय करून घ्यायचं? आणि इथे चाकांवर कमावलेला बॅलन्स तिकडे बर्फावर कामाला येतो का, की सगळं शून्यापासून?

वाशी_स्केटर

ताई तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, १४ वर्षं स्केटिंग शिकवतोय आणि बर्फावरही बऱ्यापैकी उभा राहिलोय, आधी एस्सेलवर्ल्डच्या छोट्या रिंकवर आणि मग लेहला.

शून्यापासून नाही, पण पहिले दोन दिवस त्याला वाटेल की शून्यापासून आहे. चाक रुंद असतं, गोलसर असतं आणि डांबराला किंवा टाइल्सला पकडून असतं. आइस स्केटचं ब्लेड साधारण ३ मिलिमीटर रुंद, आणि खाली मधोमध खोबण घासलेली असते त्यामुळे आत एक आणि बाहेर एक अशा दोन धारा तयार होतात. सगळा खेळ त्या दोन धारांचा. आडवं दाबलं की धार बर्फात रुतते आणि तुम्हाला आधार मिळतो, पण पुढेमागे काहीही आधार नाही, ब्लेड सरळ निसटून जातं. जमिनीवर आपण पुढे झुकलो की पायाची बोटं दाबून तोल सावरतो ना, ते बर्फावर चालत नाही, बोटं दाबली तर पाय मागे पळतो. म्हणून तिथे तोल घोट्यात नसतो, गुडघ्यात आणि कमरेत असतो. शिवाय बूट इतका कडक की घोटा फारसा हलतच नाही.

आणि हॉकी स्केटच्या ब्लेडला पुढे मागे थोडा बाक असतो, फिगर स्केटिंगवाल्यांसारखे पुढे दातेही नसतात, म्हणजे सरळ ताठ उभा राहिला की पाळण्यासारखा पुढेमागे डुलणार. उंच झालेली मुलं नेमकं हेच करतात, आपोआप ताठ होतात. आधी ती बुटकी होती तेव्हा थोडे गुडघे वाकवले तरी पुरायचं, आता पाय लांब झाले तर जास्त वाकवायला लागतात आणि ते कोणी त्यांना सांगतच नाही. मी मुलांना सांगतो उकिडवं बसायला जाताना अर्ध्यात कोणीतरी हाक मारली असं थांब. छाती वर, नजर समोर, आणि काठी खाली टेकलेली. काठी उचलून धरायची सवय असेल तर आधी ती मोडा.

इनलाइनवरून जाणाऱ्यांना थांबणं नव्याने शिकावं लागतं. बर्फावर दोन्ही पाय आडवे घालून बर्फ खरवडत थांबतात, चाकांवर तसं अडकून तोंडावर पडाल. तेवढं सोडलं तर गुडघे वाकवणं, एका पायावर सरकणं, वजन एकीकडून दुसरीकडे देणं, सगळं कामाला येतं.

महिनाभरात इतका फरक हे मात्र मला जरा वेगळं वाटतंय. उंची हळूहळू वाढते, ती काय एका महिन्यात नाही वाढली.

कळवा_६९

आम्ही पडून पडूनच शिकलो हो. गुडघे फुटले, कोपरं फुटली, हळद लावली की परत मैदानात. आताच्या आईवडिलांना मुलगा दोनदा पडला की डॉक्टर लागतो. वाढतं वय आहे, आपोआप सुधारेल. बोसू बिसू काही घेऊ नका, पैसे वाया.

ठाण्याची_फिजिओ

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, शाळेतल्या खेळाडू मुलांसोबत बरंच काम असतं. नेरूळच्या ताई, तुमच्या मुलाचं ते वाक्य, पाय माझे वाटत नाहीत, ते वाचून थांबले मी. इतकं अचूक मोठी माणसंही सांगत नाहीत.

आधी उंचीचं. हो, खरं आहे. तोल ही एक वस्तू नाही जी असते किंवा नसते. मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो, एक डोळे, दुसरं आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय (डोकं कुठे झुकलं, कुठे वळलं हे ते सांगतं), आणि तिसरं म्हणजे तळपाय, घोटे, स्नायू, सांधे यांच्याकडून येणारी माहिती. या तिन्ही खबरा जुळवून क्षणाक्षणाला शरीर सावरलं जातं. लहान मुलं डोळ्यांवर जास्त अवलंबून असतात, तिन्हींचा नीट मेळ घालणं हळूहळू पक्कं होतं आणि मोठ्यांच्या पातळीला यायला पौगंडावस्था उजाडते. आणि नेमकं त्याच वेळी शरीर बदलतं. मुलांमध्ये उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण १४ च्या आसपास, मुलींमध्ये १२ च्या आसपास. वर्षाला ८-९ सेंटीमीटर म्हणजे तुमचा मुलगा ऐन त्या काळात आहे. आधी पाऊल वाढतं, मग पाय, मग धड. हाडं पुढे जातात, पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू मागे राहतात म्हणून ते ओढलेले, कडक वाटतात. गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. मेंदूकडे शरीराचा जो नकाशा आहे तो गेल्या वर्षीचा आणि शरीर या वर्षीचं. म्हणून कळव्याच्या दादांशी मी अर्धी सहमत आहे, यातलं बरंचसं आपोआप सुधारतं, मुलाला आळशी किंवा बेफिकीर म्हणू नये एवढंच.

पण वाशीच्या दादांनी जे पकडलं तेच मलाही खटकतंय. महिनाभरात, एका बाजूला जास्त, डोकं वर केलं की जास्त, आणि घरात मोजे घालतानाही. म्हणून हे विचारते, त्याला शांतपणे विचारून सांगा. महिन्या-दीड महिन्यात डोकं कुठे आपटलं होतं का, हेल्मेट असलं तरी? डोकेदुखी, उजेडाचा किंवा आवाजाचा त्रास, झोपेत फरक, चिडचिड, वाचताना ओळ सुटणं? गाडीत किंवा ट्रेनमध्ये मळमळ? हे कळेपर्यंत त्याला रिंकवर पाठवू नका. बोसूवर तर मुळीच उभा करू नका.

नेरूळची_आई

काल रात्री बसवून विचारलं. साधारण पाच आठवड्यांपूर्वी प्रॅक्टिस मॅचमध्ये एका मोठ्या मुलाशी टक्कर होऊन मागे पडला होता आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली. हेल्मेट होतं. बेशुद्ध वगैरे नाही झाला. त्याला दोन मिनिटं बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि परत खेळवलं. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही नाही सांगितलं, कारण कॅम्पला नेणार नाहीत अशी भीती वाटली. आता सांगतोय की संध्याकाळी डोकं जड होतं, ठाण्याला आजीकडे जाताना ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघितलं की मळमळतं, मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय टाकायला भीती वाटते. महिनाभर एकटा हे सगळं घेऊन फिरत होता आणि मी त्याच्या हातातला मोबाइल काढून घेत होते. रात्रभर झोप नाही लागली मला.

ठाण्याची_फिजिओ

ताई आधी स्वतःला दोष देणं थांबवा, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. आता खेळ पूर्ण बंद, आणि लवकरात लवकर न्यूरॉलॉजिस्ट किंवा अशा दुखापतींची माहिती असलेले स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर गाठा. मी इथून निदान करत नाहीये पण तुम्ही सांगताय ते कन्कशनच्या, म्हणजे डोकं आपटून मेंदू हादरण्याच्या, चित्रात बसतं. आणि हे सगळ्यांसाठीच लिहिते, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद कमी होणं, झटका, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी.

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आतला मेंदू हलण्यापासून पूर्ण वाचवू शकत नाही. कन्कशनला बेशुद्ध पडावंच लागतं असंही नाही, बहुतेक जण पडत नाहीत. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे काही झालं नाही असं समजू नका, स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर बघायला असतो. आणि संशय आला तरी त्या दिवशी खेळाडूला परत उतरवायचं नाही हा जगभरचा नियम आहे, यात दोन मिनिटं बसवून बघू असा प्रकारच नाही.

अशा मुलांना फक्त एका पायावर उभं करून बघितलं तर फसगत होते. तपासायची एक पद्धत आहे, हात कमरेवर, डोळे मिटून, तीन प्रकारे उभं राहायचं, दोन पाय जोडून, एका पायावर आणि एकापुढे एक पाऊल ठेवून, प्रत्येकी २० सेकंद, आणि किती वेळा चुकतो ते मोजायचं. मार लागल्यानंतर पहिल्या काही दिवसांत यात गडबड दिसते, मग हे बऱ्याचदा नॉर्मल येतं. पण त्याच मुलाला चालता चालता डोकं डावीउजवीकडे वळवायला सांगा किंवा चालताना उलटे आकडे म्हणायला लावा, पाऊल वाकडं पडतं. हॉकीत तर सतत तेच असतं, डोकं फिरतंय, पक सांभाळायचाय, समोरून कोण येतोय बघायचंय. घरी तुम्ही चाचण्या करू नका, हे डॉक्टरांना सांगता यावं म्हणून लिहिलं.

कळवा दादा, राग नको, पण गुडघा फुटणं आणि डोकं आपटणं एका पारड्यात टाकू नका. पहिली दुखापत बरी व्हायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महागात पडू शकतो.

मिसिसॉगा_मावशी

मूळची डोंबिवलीची, आता कॅनडात, दोन्ही मुलं हॉकी खेळतात म्हणून राहवलं नाही. इथे पहाटे पाचच्या प्रॅक्टिसला मुलं नेणं म्हणजे आपल्याकडे दहावीच्या क्लासला सोडण्याइतकं नॉर्मल आहे. आणि याच देशात २०१३ पासून पीवी गटात, म्हणजे ११-१२ च्या मुलांत, अंगावर जाऊन धडकणं बंद केलंय. अमेरिकेत त्याच्या दोन वर्षं आधी १२ पर्यंतच्या गटात बंद केलं होतं. कारण हेच, त्या वयात एक मुलगा १५० सेंटीमीटर आणि त्याच्याच टीममधला दुसरा १७०, आणि दोघांनाही आपलं शरीर अजून नीट कळलेलं नाही. लोकांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला होता की मुलं नाजूक होतील, खेळ संपेल. खेळ काही संपला नाही.

आपल्याकडे मुलांचे वयाचे गट असतात पण आकाराचा विचार कोणी करत नाही, प्रॅक्टिसला तर जो हजर तो खेळतो. ताई, तुमच्या मुलाला कोणी धडकलं तो मुलगाही बहुतेक तितकाच घाबरला असेल, त्याच्या पालकांशी चांगल्या शब्दांत बोला.

आणि मुलगा बोलला नाही यावर रागावू नका. माझ्या मोठ्यानेही आठ दिवस लपवलं होतं.

घोडबंदर_बाबा

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी लेहला जाऊन आली, तेव्हा १२ ची होती. कॅम्पबद्दल सांगतो म्हणजे निर्णय घ्यायला बरं पडेल. लेह साधारण ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं आणि पाणी प्यायचं, तरी बऱ्याच जणांचं डोकं दुखतंच. आता ज्याचं डोकं आधीच दुखतंय त्याचं तिथे कशाने दुखतंय हे कसं कळणार? मी डॉक्टर नाही पण बाप म्हणून मी नसतं पाठवलं. बर्फ कुठे पळून जात नाही, दर हिवाळ्याला गोठतो. देहरादूनची रिंकही आहे, २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेली, मध्ये अनेक वर्षं बंद पडून होती ती परत चालू झालीय, तिथे लेहसारखा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा प्रश्न नाही.

तिथल्या लडाखी मुली बघून माझी लेक वेडी झाली होती. २०२५ मध्ये आपल्या बायकांच्या आइस हॉकी टीमने यूएईतल्या अल ऐनला आशिया कपचं ब्राँझ आणलं, त्यात बहुतेक मुली लडाखच्याच. त्या लहानपणापासून गोठलेल्या तळ्यावर खेळतात, तळ्याचा बर्फ खडबडीत, कुठे चीर, कुठे उंचवटा, त्यामुळे त्यांचा तोल असा पक्का की बघत राहावं. आमच्याकडे गुळगुळीत टाइल्सवर शिकलेली मुलं त्या चिरेत ब्लेड गेलं की आडवी.

परत आल्यावर मुलीच्या आजीने तिला लंगडी घालायला लावली. आधी मला वाटलं काय हे, पण विचार करा, एका पायावर, वेगात, दिशा बदलत, समोरच्याकडे लक्ष ठेवून. हॉकीत अजून काय वेगळं असतं? आता ती आठवड्यातून दोनदा मल्लखांबालाही जाते.

ठाण्याची_फिजिओ

घोडबंदर दादा, लंगडीवर माझी पूर्ण सही. स्केटिंगमध्ये प्रत्येक ढकलणं एका पायावरून दुसऱ्या पायावर असतं. २००५ मध्ये कॅनडात एक अभ्यास झाला होता, त्यात १९ वर्षांखालच्या हॉकी खेळाडूंमध्ये डगमगत्या फळीवरचा तोल आणि स्केटिंगचा वेग यांचं नातं ठळक दिसलं, मोठ्या खेळाडूंमध्ये ते बरंच फिकं होतं. म्हणजे या वयात तोलावर काम करणं फुकट जात नाही. पण नुसतं डगमगत्या बॉलवर उभं राहिलं तर माणूस डगमगत्या बॉलवर उभं राहण्यात हुशार होतो, ते मैदानात आपोआप उतरत नाही. म्हणून डोकं वर, हातात काठी, कोणीतरी बॉल टाकतंय, असं काहीतरी सोबत हवं.

वाशीच्या दादांनी काठी टेकवायला सांगितली त्यामागेही कारण आहे. एका पायावर डोळे मिटून उभे राहा आणि मग नुसतं एक बोट भिंतीला टेकवा, भार न देता. लगेच डुलणं कमी होतं. टेकलेली काठी शरीराला तशीच खबर देते. (हे मोठ्यांनी करून बघा, नेरूळच्या ताईंच्या मुलाने आत्ता नाही.)

नेरूळची_आई

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी. डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं, आतल्या कानाकडून येणारी माहिती आणि डोळे यांचा मेळ बिघडलाय म्हणाले, म्हणून डोकं वळवलं की तोल जायचा. स्कॅन नॉर्मल होता. गंमत म्हणजे झोपून राहायला नाही सांगितलं, इतके दिवस उलटल्यावर हलकं चालणं फिरणं चांगलंच असं म्हणाले, फक्त त्रास वाढला की थांबायचं. मग फिजिओकडे व्यायाम सुरू झाले, अंगठ्यावर नजर रोखून डोकं डावीउजवीकडे हलवायचं, मग तेच उभं राहून, मग चालत. पहिल्या आठवड्यात दहा सेकंदांत मळमळायचं, आता मिनिटभर करतो.

परवा ट्रेनने आजीकडे गेलो, खिडकीत बसला. ठाण्यापर्यंत. मी काही विचारलं नाही, त्यानेच ऐरोली आल्यावर सांगितलं, आई काही होत नाहीये.

डॉक्टरांनी आता एकट्याने स्केटिंग करायला परवानगी दिलीय, टक्कर होईल असं काहीही नाही, मॅच नाही, खेळात परतायच्या प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यायचा, त्रास झाला तर एक पायरी खाली. लेहचं आम्ही रद्द केलं. दोन दिवस बोलला नाही कोणाशी, रडला, कॅलेंडर काढून ठेवलं कपाटात. मी पण रडले खरं सांगायचं तर. क्लबशी बोललो, आता डोक्याला लागलं की त्याच दिवशी पालकांना फोन करायचा आणि मुलाला बाहेर बसवायचं असं त्यांनी मान्य केलंय.

दुसरं म्हणजे उंची अजून वाढतेच आहे, चौकटीवर नवीन खूण झाली. फिजिओने पोटऱ्या आणि मांड्यांचं स्ट्रेचिंग दिलंय. त्यांनी हो म्हटल्यापासून संध्याकाळी गच्चीत सासूबाई त्याच्याशी लंगडीचे आकडे मोजतात, कालचा आकडा डाव्या पायावर २२, उजव्यावर ३१. हा फरक ठीक आहे का?

ठाण्याची_फिजिओ

किती बरं वाटलं वाचून. फरक थोडा जास्त आहे पण तो डाव्या वळणाला पडायचा म्हणून त्या पायावर भरवसा ठेवत नसेल. सुरुवात डाव्या पायाने करा, थकायच्या आधी. आकड्यापेक्षा लंगडी घालताना गुडघा आत पडतोय का ते बघा, मोबाइलवर समोरून व्हिडिओ घ्या आणि तुमच्या फिजिओला दाखवा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला उंची लिहून ठेवा, ज्या महिन्यात झपकन वाढेल त्या महिन्यात नवीन काही शिकवू नका, जुनंच हळू करून घ्या.

वाशी_स्केटर

ताई, रविवारी सकाळी सातला रिंक मोकळी असते, कोणी नसतं. घेऊन या त्याला, माझ्या ओळखीच्या एकाकडे आइस स्केट्स आहेत, घालून नुसतं रबरी मॅटवर उभं राहायला देतो, डॉक्टरांनी त्याला हो म्हटलं तरच. धार कशी असते ते तरी हाताळून बघेल.